तेवीस फूट, सात गाठी

मि. हार्बॉटल वारले तेव्हा विल्फ्रेड ऑटवेला वाईट वाटलं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. फक्त ते वाईट वाटणं पुढच्या खोलीत बसलं होतं आणि मागच्या खोलीत आनंद उड्या मारत होता, एवढंच. थ्रॅपली गावच्या मत्स्यमंडळाचे सभासद तीस, मि. हार्बॉटल त्यांतले एक. एकतिसावा घ्यायचा नाही हा नियम मंडळाइतकाच जुना. म्हणजे कुणीतरी नदीकाठ कायमचा सोडल्याशिवाय नव्या माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नाही. चौदा वर्षं विल्फ्रेड दर शुक्रवारी गावच्या साप्ताहिकातलं निधनवार्तांचं पान आधी उघडत होता आणि त्याची बायको हेस्टर ते पान त्याच्या हातातून काढून घेत, "आधी अंडं खा, मग लोकांचं मरण वाच," असं म्हणत होती. त्या शुक्रवारी मात्र अंडं तसंच थंड झालं.

सांत्वनाला तो केक घेऊन गेला. चेहरा पडलेला ठेवायचा त्याने वाटेत सराव केला होता, पण दारातच ओठांचे कोपरे वर जायला लागले. मिसेस हार्बॉटल ऐंशी वर्षांच्या, त्यांनी केक घेतला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "यादीत पहिले तुम्हीच ना? मग हसा मोकळेपणाने, उगीच गाल दुखतील. आर्थर एक्याण्णवचा होता. त्याच्या आधीचे म्हातारे जायची वाट त्यानेही नऊ वर्षं पाहिली होती." विल्फ्रेड शरमेने लालबुंद झाला आणि त्याने आपल्याच केकचे तीन तुकडे खाल्ले.

पण जागा रिकामी झाली म्हणून ती मिळते असं नाही. मंडळाचा नियम क्रमांक चौदा असा: उमेदवाराने स्वतःच्या हाताने बांधलेल्या लीडरवर, पाण्यावर तरंगणाऱ्या पिसांच्या खोट्या माशीने, दोन पदाधिकाऱ्यांसमक्ष, ठरलेल्या एका दिवशी एक ट्राउट मासा स्वतः जाळ्यात घ्यावा. गळाच्या काठीला किंवा जाळ्याला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. जमलं नाही तर उमेदवाराचं नाव यादीच्या तळाला. यादीत नावं एकेचाळीस. विल्फ्रेडने त्रैराशिक मांडून पाहिलं. चौदा वर्षांत तो अकराव्या नंबरावरून पहिल्यावर आला होता. त्या गतीने एकेचाळिसाव्यावरून पुन्हा पहिल्यावर यायला त्याला वयाचं एकशे नववं वर्ष लागणार होतं.

विल्फ्रेड नगरपालिकेत वृक्षसंरक्षण अधिकारी होता आणि त्याच्या टेबलाजवळच्या खिडकीखालून सॅलो नदी वाहत होती. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली एक जाडजूड ट्राउट शेपूट हलवत उभा असे. चौदा वर्षं विल्फ्रेडने फायलीतून मान वर करून त्या माशाकडे, किंवा त्याच्या मुलानातवंडांकडे पाहिलं होतं. रोज डोळ्यांसमोर आणि एक दिवसही आपली नाही, अशी ती नदी होती. माणूस एवढ्यातेवढ्यावरून रडत नाही, पण दर जूनमध्ये एकदोनदा तो फायलीआड नाक शिंकरे, हेही खरं.

आता लीडर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. काठीच्या रिळावर असते ती दोरी जाड. ती पाण्यावर पडली की ट्राउट पुढचा आठवडाभर तोंड दाखवत नाही. म्हणून त्या दोरीच्या पुढे पारदर्शक नायलॉनचा, निमुळता होत जाणारा धागा जोडायचा; तो लीडर. जाड तुकड्याला त्याहून बारीक, त्याला त्याहून बारीक अशा गाठी मारत जायचं. शेवटचा केसाएवढा तुकडा म्हणजे टिपेट, आणि त्याच्या टोकाला पिसांची माशी. सगळ्यात मौज नंबरांची. सात नंबरचं टिपेट चार नंबरपेक्षा बारीक. हे हेस्टरला समजावून सांगताना विल्फ्रेडची अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यात जितका नंबर मोठा तितका माल कमी. मग तू यादीत पहिला, म्हणजे सगळ्यात जाडा का?" विल्फ्रेडने पोट आत घेतलं आणि विषय बदलला.

पहिला लीडर त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधला. तीन तुकडे, नऊ फूट. गाठ मारताना दोन्ही टोकं एकमेकांभोवती पाच पाच वेढे द्यायची, टोकं मधून उलटी काढायची, मग गाठ जिभेने ओली करायची आणि हळूच आवळायची. कोरडी आवळली तर नायलॉन जळतं. विल्फ्रेडने एवढ्या गाठी चाटल्या की रात्रीच्या जेवणात त्याला मीठ कळेना. पण साडेदहाला लीडर तयार झाला, दाराच्या मुठीला अडकवून त्याने तो ओढून पाहिला, आणि मूठ निघून हातात आली. विल्फ्रेडला धन्य वाटलं. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो गळ-काठ्यांच्या दुकानात माश्या घ्यायला गेला. दुकानदार पिम हा मंडळाचा खजिनदार, म्हणजे दोन पदाधिकाऱ्यांपैकी एक. त्याने लीडर बोटांतून सरकवला, मोठा सुस्कारा सोडला आणि सांगितलं की सॅलोच्या माशांपुढे नऊ फुटांचा लीडर टाकणं म्हणजे आधी पत्र लिहून येतो म्हणून कळवण्यासारखं आहे. त्याने तीन फूट जाड नायलॉन कापून दिलं, वरच्या बाजूला जोडायला. विल्फ्रेडला ते नको होतं. पण थ्रॅपलीत कुणी प्रेमाने दिलेली वस्तू नको म्हणणं म्हणजे त्याच्या आईवरून बोलल्यासारखं. "अगदी हेच हवं होतं," असं तो म्हणाला आणि घरी येऊन त्याने ते जोडलं. बारा फूट.

मग शेजारचे क्रंडल. भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि यादीत दोन नंबर. एकोणीस वर्षं दोघांच्या बागांमध्ये एकच कुंपण, पण दोघे एकमेकांना आडनावानेच हाक मारत. एकदा ऑटव्यांच्या घरात चोर शिरत होता तेव्हासुद्धा क्रंडल कुंपणावरून एवढंच म्हणाले होते, "ऑटवे, तुमच्या खिडकीतून एक गृहस्थ आत जात आहेत असं मला वाटतं. चूक असेल तर माफ करा." त्या संध्याकाळी त्यांनी लीडर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वरचा भाग ठीक आहे, पण मधे उतार फार एकदम आहे, नदीसुद्धा डोंगरावरून अशी कोसळत नाही, असं म्हणून त्यांनी घरातून चार फूट मधल्या जाडीचं नायलॉन आणून दिलं. सोळा फूट.

"तो दोन नंबरचा माणूस तुझा दोरा कशाला लांबवतोय?" हेस्टरने विचारलं. "तू पडलास की नंबर त्याचा."

"क्रंडल तसले नाहीत."

"तसले नाहीत तर कसले आहेत? नाव तरी माहीत आहे का तुला त्यांचं?"

विल्फ्रेडला नाव माहीत नव्हतं. यादीत 'क्रंडल, ए.' एवढंच होतं. पहिल्या वर्षी विचारायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या वर्षापासून विचारणं अपमानास्पद झालं.

उमेदवारीचा अर्ज द्यायला तो मिस लॅथबरींकडे गेला. मंडळाच्या चिटणीस, वय चौऱ्याहत्तर. पूर्वी दंडाधिकारी होत्या, आणि ती नजर निवृत्त झाली नव्हती. अर्ज तीन प्रतींत. निळ्या शाईने भरलेला म्हणून परत. काळ्या शाईने भरलेला, पण 'लीडरची लांबी' हा रकाना रिकामा म्हणून परत. विल्फ्रेडने सोळा लिहिलं. बाईंनी लीडर खिडकीच्या उजेडात धरला आणि निकाल दिला की टिपेट फार आखूड आहे. स्वतःच्या पेटीतून त्यांनी आणखी बारीक तीन फूट दिलं. "मी त्या दिवशी बघेनच," असं त्या म्हणाल्या. एकोणीस फूट, आणि अर्ज चौथ्यांदा भरला.

राहिल्या मिसेस हार्बॉटल. त्या स्वतः चालत आल्या, हातात नवऱ्याचं टिपेटचं रीळ. आर्थरने शेवटच्या मोसमासाठी घेतलं होतं, पण त्याला नदीवर जाता आलं नाही, असं सांगत त्यांनी रीळ त्याच्या हातात ठेवलं. सगळ्यात टोकाला हे लावा, म्हणजे तोही येईल. आता याला नाही कोण म्हणणार? विल्फ्रेडने चार फूट कापून घेतलं आणि गाठ चाटताना त्याचे डोळे भरून आले. तेवीस फूट, आणि अर्ज पाचव्यांदा. वरच्या दोरीची धरून सात गाठी.

काठी नऊ फुटांची आणि लीडर तेवीस, म्हणजे काय होतं ते बागेतल्या सरावात कळलं. माशीऐवजी टोकाला लोकर बांधून विल्फ्रेडने काठी मागे नेली, पुढे आणली, आणि लोकर आली ती थेट टोपीवर. दुसऱ्यांदा कानात. तिसऱ्यांदा त्याने सगळा जोर लावला, आणि तेवीस फूट नायलॉन नासपतीच्या झाडावर, उंच, बोटाएवढ्या एका डहाळीला सात वेढे घालून बसलं.

डहाळी कापली की काम झालं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण घर संरक्षित भागात, तिथल्या झाडाची फांदी तोडायची तर पालिकेच्या वृक्षसंरक्षण अधिकाऱ्याला सहा आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. अधिकारी स्वतः विल्फ्रेड. लोकांना बावीस वर्षं हाच नियम दाखवलेला. सोमवारी त्याने स्वतःला अर्ज केला, मंगळवारी तो पोचल्याचं स्वतःला कळवलं, आणि बुधवारी अर्जदाराशी आपले घरोब्याचे संबंध असल्याने आपण निर्णय घेऊ शकत नाही असं वरिष्ठांना लिहिलं. वरिष्ठांनी तो कागद अभिप्रायासाठी विल्फ्रेडकडेच पाठवला. परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी तो घरी आला तेव्हा लीडर टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेला होता आणि ओट्यावर स्वयंपाकघरातली कात्री.

"वाऱ्याने डहाळी पडली," हेस्टर म्हणाली.

"वारा कुठे होता आज?"

"मग तसं लिही तुझ्या अर्जात," असं म्हणून ती बटाटे सोलायला बसली. विल्फ्रेडने विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक फाइल न लिहिता बंद केली.

शनिवार उजाडला तो जूनचा पहिला. मोठी पिवळसर माशी नदीतून थव्याथव्यांनी वर येते आणि ट्राउट खुळ्यासारखे उड्या मारतात, तो पंधरवडा. काठावरचे लोक त्याला ढ माणसांचा पंधरवडा म्हणतात, कारण तेव्हा ढ माणसालाही मासा लागतो. यामुळे धीर यायच्या ऐवजी विल्फ्रेडची पाचावर धारण बसली. या दिवसांतही ज्याला लागला नाही, त्याला काय म्हणायचं? कुरणात मिस लॅथबरी नोंदवही घेऊन उभ्या होत्या, पिम दुर्बीण घेऊन, मिसेस हार्बॉटल घडीच्या खुर्चीवर, हेस्टर काकडीच्या सँडविचचा डबा घेऊन. क्रंडल लांब एका विलोच्या झाडाशी, यादीतला पुढचा माणूस म्हणून नियमाप्रमाणे हजर. आणि कुरणात चरणारे वीस तरुण गोऱ्हे, ज्यांना कुणीच बोलावलं नव्हतं.

पहिल्या दोन तासांत विल्फ्रेडने स्वतःची टोपी, एक काटेरी झुडूप, पुन्हा स्वतःची टोपी आणि पिमची टोपी पकडली. पिमने, "काही हरकत नाही, जुनीच आहे," असं म्हणत टोपी सोडवली, पण ती नवी होती. प्रत्येक वेळी सगळेजण आपापला तुकडा शाबूत आहे ना ते बघत होते. मिस लॅथबरींनी वहीत वेळ लिहिली. मग अचानक पाठीमागून वाऱ्याची एक झुळूक आली. अख्खे तेवीस फूट नायलॉन हवेत सरळ उलगडलं आणि पिसांची माशी अशी अलगद पाण्यावर बसली की विल्फ्रेड स्वतःच बघत राहिला. पाण्यातून एक रुंद तोंड वर आलं आणि माशी दिसेनाशी झाली.

पुढची दहा मिनिटं विल्फ्रेड ऑटवे जगातला सर्वांत सुखी माणूस होता. मासा पळाला, त्याने पळू दिला. मासा थकला, त्याने रीळ गुंडाळलं. गुंडाळलं, गुंडाळलं, आणि टक्. दोरी आणि लीडर जोडणारी वरची जाड गाठ काठीच्या टोकाच्या कडीत अडकून बसली. आता एक इंचही आत येईना. मासा तेवीस फूट लांब, जाळं विल्फ्रेडच्या कमरेला, आणि त्याचा हात फक्त हाताएवढा लांब. तो मागे सरकला. मासा काठाशी आला खरा, पण विल्फ्रेड तोवर कुरणात पोचला होता. पुढे गेलं की मासा आत, मागे गेलं की आपण लांब. मागून त्याच्या मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडला. गोऱ्हे जमले होते.

मासा काठाच्या उथळ पाण्यात कुशीवर पडला होता, आणि त्याच्यापासून दोन पावलांवर क्रंडल उभे होते. त्यांच्या हातातही जाळं होतं.

"अहो क्रंडल, बघत काय उभे राहिलात, उचला की," मिसेस हार्बॉटल ओरडल्या. पिमनेही तेच सांगितलं. हेस्टरने तर हातातला डबाच त्यांच्या दिशेने हलवला. क्रंडल जागचे हलले नाहीत. त्यांनी जाळं गवतात टाकलं, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. त्यांचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडला होता.

"मी उचलणार नाही," ते म्हणाले. "माफ करा, ऑटवे. मी नाही उचलणार."

माणुसकी म्हणून काही आहे की नाही, असं मिसेस हार्बॉटल मोठ्याने म्हणाल्या. पण मिस लॅथबरींनी नुसती मान वर करून क्रंडलांकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी विल्फ्रेडच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याचं जाळं लागलं की उमेदवार बाद. क्रंडलांनी नुसतं वाकून मदत केली असती, तर सगळ्या गावाने त्यांना भला माणूस म्हटलं असतं आणि जागा त्यांना मिळाली असती. तो माणूस लोकांची बोलणी खात, हात मागे बांधून, आपलीच जागा घालवत उभा होता. विल्फ्रेडला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण हातात काठी होती, आणि थ्रॅपलीत तसं करतही नाहीत.

मग त्याने काठीच खाली ठेवली. दुसऱ्याचा हात लागू नये असा नियम होता, आपला हात काढू नये असा नव्हता. गवतात गुडघ्यांवर बसून त्याने लीडर बोटांत धरला. ओलं नायलॉन सुळकन निसटलं, आणि पहिल्या गाठीवर थांबलं. विल्फ्रेडने ती गाठ मुठीत पकडली. पिमच्या गाठीवरून तो पुढे रांगला, तिथून आपल्या स्वतःच्या दोन गाठींवर, मग क्रंडलांच्या. तिथे मासा एकदा उसळला, पण गाठ बोटांतून सुटली नाही. मग मिस लॅथबरींची, मग आर्थर हार्बॉटलची. ज्या ज्या गाठीला तो आठवडाभर मनातल्या मनात शिव्या देत होता, ती प्रत्येक गाठ हाताला धरून त्याला नदीकाठी घेऊन आली. शेवटचे चार फूट त्याने श्वास रोखून ओढले, जाळं माशाखाली घातलं आणि वर उचललं. त्याच क्षणी टिपेट तुटलं, पण मासा आत होता.

मग पिमने हरकत घेतली. मागे गवतात एक गोऱ्हा काठीची मूठ मनापासून चाटत होता.

मिस लॅथबरींनी नियम पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि निर्णय दिला: "जीभ म्हणजे हात नव्हे." वहीत नोंद झाली: ट्राउट एक, दीड पौंड. मग त्यांनी मासा सोडून द्यायला सांगितलं, कारण तो पकडला तेव्हा मि. ऑटवे सभासद नव्हते आणि बिगर-सभासदाला मंडळाचा मासा घरी नेता येत नाही. विल्फ्रेडने आनंदाने सोडला. गुडघे चिखलात, टोपी गवतात, आणि तो लहान मुलासारखा हसत होता. हेस्टरने त्याच्या तोंडात सँडविच कोंबलं तरी हसू थांबेना. मिसेस हार्बॉटल तेवढ्यात विलोपाशी गेल्या होत्या. त्यांनी क्रंडलांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी विल्फ्रेड कुंपणापाशी गेला. नव्या सभासदाचं पहिलं कर्तव्य म्हणजे पुढच्या उमेदवाराच्या अर्जावर शिफारस लिहायची. 'उमेदवारास किती वर्षे ओळखता' यापुढे त्याने एकोणीस लिहिलं होतं. त्याच्या वरचा रकाना रिकामा होता, आणि तिथे आद्याक्षर चालत नव्हतं.

"क्रंडल," तो म्हणाला, आणि घसा साफ केला. "तुमचं पूर्ण नाव काय?"

क्रंडलांनी इकडेतिकडे पाहिलं. "ॲम्ब्रोज," ते हळूच म्हणाले. "कुणाला सांगू नका."

विल्फ्रेडने काळ्या शाईने ते लिहिलं. मग खिशातून नायलॉनचा एक गुंडाळलेला तुकडा काढला आणि कुंपणावरून पुढे केला. "ॲम्ब्रोज, हे पाच फूट आहे. तुमची वेळ येईल तेव्हा मधे कुठेतरी लावा."

ॲम्ब्रोज क्रंडलांनी त्या तुकड्याकडे पाहिलं, त्याची लांबी मनात मोजली, आणि एक मोठा आवंढा गिळला.

"अगदी हेच हवं होतं, विल्फ्रेड," ते म्हणाले.